पदांची यादी छापता, मग "नाही" कुणाला म्हटलं तेही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या एका गृहस्थांवर अर्धं पान आलंय, राज्याचे ॲटर्नी जनरल (म्हणजे राज्याचे मुख्य वकील) होते, मग शहराचे महापौर झाले, मग जज. दोनदा वाचलं आणि हाती काय लागलं, तर अमुक साली हे झाले, तमुक साली ते झाले, शपथ घेतली, सत्कार झाला, रिटायर झाले. लग्नपत्रिकेत खाली काका-मामांची नावं एकाखाली एक छापतात ना, तशी पदं छापलीत तुम्ही. बरं अमेरिकेचंच कशाला, आपल्या इंदूरात कुणी वकील सरकारी पॅनलवर लागला, कुणी जज झाला, कुणी महापौर झाला की असंच छापून येतं, शाल-श्रीफळाचा फोटो आणि पदांची यादी. ह्या तीन खुर्च्या अशा आहेत की तिथे बसलेल्या माणसानं कुणाला "नाही" म्हटलं ते बघायला पाहिजे, आणि नेमकं तेच कुठे वाचायला मिळत नाही. एवढीच तक्रार आहे, पण जरा सविस्तर लिहितो, रिकामा माणूस आहे.

मी वकील नाही. सरकारी खात्यात बाबू होतो (खात्याचं नाव नको, पेन्शन तिथूनच येते), आणि शेवटची बरीच वर्षं कोर्ट केसेसचं टेबल माझ्याकडे होतं. खात्यावर रिट लागली की एक ओआयसी नेमतात, ऑफिसर इन चार्ज, तो ऑफिसर नावाला, बस्ता उचलून हायकोर्टात सरकारी वकिलाकडे जाणार मी. पॅरावाईज जवाब टाईप करायचा, कागदांच्या झेरॉक्स काढून नंबर टाकायचे, रिटर्न, म्हणजे खात्याचा लेखी जवाब, तयार झाला की साहेबांची सही, ॲफिडेविट, आणि मग डिस्प्ले बोर्डाकडे बघत बसायचं, आपला नंबर कधी लागतो. नंबर लागला की बऱ्याचदा वकील साहेब उभे राहून म्हणणार "इंस्ट्रक्शन्स नहीं आए हैं माय लॉर्ड, समय दिया जाए", आणि इंस्ट्रक्शन्स माझ्या काखेतल्या फाइलीत. असो.

तर आधी हे बघा की तिकडचा राज्याचा ॲटर्नी जनरल आणि आपला महाधिवक्ता ह्यांत फरक केवढा आहे, तुमच्या लेखात ह्यावर एक ओळ नाही. आपल्याकडे घटनेच्या कलम 165 प्रमाणे राज्यपाल महाधिवक्ता नेमतात, म्हणजे खरं तर सरकारच नेमतं, हायकोर्टाचा जज व्हायला लागते तेवढी पात्रता लागते आणि राज्यपालांची मर्जी असेतो पद, त्यामुळे सरकार बदललं की महाधिवक्ता राजीनामा देतो अशी रीतच पडलीय. तिकडे 50 पैकी 43 राज्यांत लोक त्याला मतं देऊन निवडतात. टेनेसीत तर राज्याचं सुप्रीम कोर्ट नेमतं, मेन राज्यात विधिमंडळ. लोकांनी निवडलेला असला की तो गव्हर्नरचा ताबेदार राहत नाही, आणि कधीकधी गव्हर्नर एका पार्टीचा, ॲटर्नी जनरल दुसऱ्या पार्टीचा, मग तर बघायलाच नको.

सिगारेट कंपन्यांचंच घ्या. 1994 ला मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माईक मूर ह्यांनी कंपन्यांवर दावा टाकला, की तुमच्या सिगारेटींनी आजारी पडलेल्या गरिबांचा दवाखान्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून जातो, तो तुम्ही भरून द्या. गंमत म्हणजे त्यांच्याच राज्याचे गव्हर्नर हा दावा थांबवायला स्वतः कोर्टात गेले. मूर मागे हटले नाहीत. मिसिसिपी धरून चार राज्यांनी आपापले करार आधीच करून घेतले, आणि बाकीच्या 46 राज्यांबरोबर 1998 ला कंपन्यांना करार करावा लागला, 25 वर्षांत 206 अब्ज डॉलर. आता असा माणूस उद्या महापौर झाला काय किंवा जज झाला काय, त्याच्याबद्दल मला हा प्रसंग वाचायचाय, त्याच्या शपथविधीची तारीख घेऊन काय करू.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे महाधिवक्त्याला असलं काही करता येत नाही. येतं ना! दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 91 काढून बघा, सार्वजनिक उपद्रव असेल तर महाधिवक्ता स्वतः दावा टाकू शकतो, त्याचं वैयक्तिक काही नुकसान व्हायला लागत नाही. कलम 92 मधे सार्वजनिक ट्रस्टात कुणी पैसे खाल्ले तर तिथेही तो दावा टाकू शकतो. हायकोर्टाच्या फौजदारी अवमानाचा अर्ज तुम्ही-आम्ही करायचा तर 1971 च्या कायद्यात त्याची लेखी संमती लागते. म्हणजे कागदावर हा माणूस लोकांचा पण वकील आहे. आता आपल्या शहरातल्या कान्ह नदीच्या काठानं एकदा चालून या, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उन्हाळ्यात उभे राहून बघा नाकाला रुमाल न लावता, आणि मग सांगा उपद्रव म्हणतात तो ह्याहून वेगळा काय असतो. पण दावा टाकायचा कुणावर, तर नगर निगमावर आणि शासनावर, आणि शासनच आपलं अशील, मग कोण टाकणार? शेवटी कुणीतरी सामान्य माणूस जनहित याचिका घेऊन जातो आणि महाधिवक्त्यांची माणसं समोरच्या बाजूनं उभी राहतात, वेळ मागायला.

ह्यावर रतलामची केस आठवते, आमच्या काळी कोर्टाच्या कँटीनमधे सुद्धा हिच्यावर चर्चा व्हायची. रतलाम म्हणजे इथून काय, सकाळी निघालं तर पोह्यांच्या वेळेला पोचतो. तिथल्या एका वस्तीत उघडी गटारं, रस्त्यावरच लोकं संडासला बसायची, वर अल्कोहोलच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावरून वाहायचं. वस्तीवाले जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 133 खाली, उपद्रव हटवा म्हणून, मॅजिस्ट्रेटकडे गेले, मॅजिस्ट्रेटनं नगरपालिकेला सांगितलं गटारं बांधा. नगरपालिका काय करते, तर गटारं बांधायच्या ऐवजी सेशन्स कोर्टात जाते, तिथे जिंकते, मग हायकोर्टात हरते, मग गटारासाठी म्हणजे गटार न बांधण्यासाठी सुप्रीम कोर्टात जाते, म्हणणं एकच, आमच्याकडे पैसे नाहीत. 1980 च्या जुलैत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी ह्यांच्या बेंचनं निकाल दिला की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, गटारं आणि संडास हे नगरपालिकेचं पहिलं काम आहे, आणि वर ऐकवलं पण, की कोर्टबाजीत जेवढा जोर लावला त्याच्या निम्मा जोर रस्ते साफ करण्यात लावला असता तर काम केव्हाच झालं असतं. तीन कोर्टं चढेपर्यंत नगरपालिकेच्या एकाही वकिलानं "साहेब, गटार बांधून टाका" म्हटलं नसेल का? म्हटलं असेल तर तो खरा कामाचा वकील, आणि त्याचं नाव कुठेही नाही.

आणि हे कृष्ण अय्यर कोण, तर तुमच्या त्या अमेरिकन गृहस्थांसारखेच खुर्च्या बदलत आलेले. आधी वकील, मग 1957 च्या केरळच्या नंबूदिरीपाद मंत्रिमंडळात मंत्री, मग 1968 ला केरळ हायकोर्टाचे जज, लॉ कमिशन, 1973 ला सुप्रीम कोर्ट. तेव्हा पण ओरड झालीच की हा पार्टीचा माणूस जज कसा करता. 24 जून 1975 ला, अलाहाबाद हायकोर्टानं इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली त्या निकालावर, बाईंचा अर्ज सुट्टीत त्यांच्याच समोर आला, पूर्ण स्थगिती पाहिजे होती, त्यांनी अटी घालून दिली, लोकसभेत मत देता येणार नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी. पार्टीतून आलेला म्हणून तो वाकेलच असं काही नसतं बघा. आणि उलटं सुद्धा आहे, नुसता कायद्यातच वाढलेला, कधी कुठल्या पार्टीच्या पायरीला शिवला नाही, तरी वाकणारे निघतात. तिकडे येतोच.

आता अमेरिकेचंच छापायचं होतं तर फ्रँक मर्फीवर का नाही लिहिलंत? जज, महापौर, गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, परत जज, सगळं एकाच माणसानं केलंय (ॲटर्नी जनरल राज्याचा नव्हे, देशाचा, पण ते सोडा). मिशिगनचा माणूस, 1890 चा जन्म, 1923 ला डेट्रॉईटच्या फौजदारी कोर्टावर निवडून आला. 1925 ला तिथे एका काळ्या डॉक्टरनं, ऑसियन स्वीट नाव, गोऱ्यांच्या मोहल्ल्यात घर घेतलं. दुसऱ्याच रात्री घराभोवती जमाव, दगडफेक, घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा माणूस मेला, आणि घरातल्या अकरा जणांवर खुनाचा खटला. ज्युरी सगळी गोरी. त्या काळात असा खटला म्हणजे निकाल ठरलेलाच धरायचा, पण मर्फीनं बचावाला, म्हणजे क्लॅरन्स डॅरोला, पूर्ण मोकळीक दिली, जमावाची भीती खरी होती का हे ज्युरीसमोर येऊ दिलं. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, 1926 ला दुसऱ्या खटल्यात डॉक्टरचा भाऊ सुटला, पुढे बाकीच्यांवरचे खटले पण काढून घेतले. निवडून आलेला जज होता हो हा, मतं त्याच गोऱ्या शहराची लागणार होती, आणि तरीसुद्धा!

पुढे 1930 ला डेट्रॉईटचा महापौर झाला, आधीच्या महापौराला लोकांनी मतदान घेऊन घरी पाठवलं होतं, त्या जागी. मंदीचे दिवस, मोटारींचे कारखाने बंद, लोक रस्त्यावर. शहराच्या तिजोरीतून बेकारांना मदत द्यायला लागला तर बँकावाले आणि कारखानदार तुटून पडले की खर्च कमी करा. शहर जवळपास दिवाळखोरीत गेलं हे पण खरंय, त्यामुळे तो बरोबरच होता असं मी म्हणत नाही.

पण खरी मजा पुढे आहे. 1937 च्या 1 जानेवारीला तो मिशिगनचा गव्हर्नर झाला आणि दोनच दिवस आधी फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले होते, बाहेरच निघेनात. कंपनी कोर्टात गेली, एडवर्ड ब्लॅक नावाच्या जजनं कामगारांना बाहेर काढायचा हुकूम दिला, आणि मग युनियननं शोधून काढलं की ह्या जजसाहेबांकडे जनरल मोटर्सचेच तीन हजारांवर शेअर आहेत! झालं, त्या हुकमाची किंमत शून्य. कंपनी दुसऱ्या जजकडे गेली, दुसरा हुकूम आणला. आता बघा, गव्हर्नर मर्फी स्वतः जज राहिलेला माणूस, कोर्टाचा हुकूम पाळणं त्याच्या हाडात, हाताखाली नॅशनल गार्डचे सैनिक, कंपनी म्हणतेय घुसवा, पेपरवाले म्हणताहेत घुसवा. त्यानं सैनिक पाठवले पण मारामारी होऊ नये म्हणून मधे उभे केले, कारखान्यात घुसवले नाहीत, आणि दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवून ठेवलं. 11 फेब्रुवारीला समेट झाला, कंपनीनं युनियनला मान्यता दिली. कोर्टाचा हुकूम असा लांबवणं बरोबर होतं का? मला विचाराल तर कोर्टाच्या टेबलावर आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला ते टोचतंच, उद्या दुसरा कुणी गव्हर्नर वाईट कामासाठी हेच करेल. पण गोळी घातली असती तर किती मढी पडली असती तेही मनात येतंच. पुढच्या वर्षी 1938 ला मर्फी निवडणूक हरला.

हरलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं 1939 ला ॲटर्नी जनरल केलं. तिथे गेल्यावर महिन्याभरात त्यानं खात्यात एक छोटं युनिट काढलं, नागरिकांच्या हक्कांसाठी, म्हणजे सरकारचे वकील पोलीस आणि अधिकाऱ्यांच्या विरोधात लोकांच्या बाजूनं उभे राहतील असं. त्यातूनच पुढे 1957 ला तिथला सिव्हिल राईट्स डिव्हिजन झाला. आणि 1940 ला सुप्रीम कोर्ट.

सुप्रीम कोर्टात त्याची परीक्षा झाली ती जपानी लोकांच्या केसमधे. 1942 ला युद्ध चालू असताना पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून छावण्यांत टाकलं, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक. 1943 ला संचारबंदीची पहिली केस आली तेव्हा मर्फी विरोधात लिहायला बसला होता, पण सगळ्यांनी मिळून गळ घातली, शेवटी त्यानं एकमताच्या निकालात सही केली, कुरकुरत केली पण केली. हे तुमच्यासारख्यांनी गाळलं असतं, मी नाही गाळणार. मग 1944 च्या डिसेंबरात कोरेमात्सूची केस आली, घर सोडून जायचा हुकूम मोडला म्हणून शिक्षा झालेला तरुण. सहा जज सरकारच्या बाजूनं, तीन विरोधात, आणि ह्यावेळी मर्फीनं सरळ लिहिलं की हा वंशद्वेष आहे, त्याला कायद्याचा शिक्का मारू नका. ज्या रूझवेल्टनं त्याला खुर्ची दिली, त्याच रूझवेल्टचा हुकूम होता तो.

आणि ह्याच गोष्टीत राज्याचा ॲटर्नी जनरल पण आहे, अर्ल वॉरन. 1942 ला तो कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल होता आणि ह्या जपानी लोकांना हलवा म्हणून पुढे होऊन सांगणाऱ्यांत तो होता, संसदेच्या समितीसमोर साक्ष पण दिली. त्याच वर्षी गव्हर्नरची निवडणूक जिंकला. नंतर 1953 ला देशाचा सरन्यायाधीश झाला आणि 1954 ला शाळांमधला काळा-गोरा भेद एकमतानं मोडून काढला, जगभर नाव झालं. आत्मचरित्रात छावण्यांबद्दल पश्चात्ताप लिहिलाय त्यानं. आता वॉरनचं पान छापायचं तर 1954 छापाल, 1942 छापाल का? दोन्ही छापलं तरच माणूस कळतो, नाहीतर पुतळाच.

ह्याच जपानी लोकांच्या केसेसमधे सरकारी वकिलांच्या ऑफिसातली एक गोष्ट आहे, ती तर मला फारच जवळची वाटते. नौदलाच्या एका अधिकाऱ्याचा रिपोर्ट होता की जपानी लोकांपासून एकगठ्ठा धोका वगैरे काही नाही. खात्यातल्याच दोन वकिलांनी, एनिस आणि बर्लिंग, वरच्यांना लिहून कळवलं की हा रिपोर्ट कोर्टाला दाखवला नाही तर पुरावा दडवल्यासारखं होईल. सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल चार्ल्स फाही ह्यांनी दाखवला नाही. ते कागद पुढे सापडले, 1983 ला कोरेमात्सूची शिक्षा रद्द झाली, 1988 ला कायदा करून हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले, आणि 2011 ला नील कत्याल, आपल्याच भारतीय आईबापांचा मुलगा, कार्यकारी सॉलिसिटर जनरलच्या खुर्चीत होता, त्यानं जाहीर लिहिलं की आमच्या ऑफिसनं तेव्हा चूक केली. एनिस आणि बर्लिंगची नावं किती जणांना माहीत असतील? टेबलावरची माणसं हो ती.

आपल्याकडे हेच 1976 ला झालं, आणि केसचं नाव तरी काय, एडीएम जबलपूर, म्हणजे आपल्याच मध्यप्रदेशची. आपल्या हायकोर्टासह देशातल्या नऊ हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणीतसुद्धा अटक झालेल्याला कोर्टात दाद मागता येते, सरकार अपिलात गेलं. ॲटर्नी जनरल नीरेन डे ह्यांना न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, पोलिसानं वैरापोटी कुणाला मारून टाकलं तर? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर इलाज नाही. चार जज सरकारच्या बाजूनं गेले, एकटे खन्ना विरोधात, आणि पुढच्या वर्षी त्यांचा नंबर असताना त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड पण होते, आणि 2017 ला तो निकाल चुकीचा होता असं लिहून रद्द केला तो त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी. हे चौघं काय पार्टीतून आलेले होते? नाही. म्हणून म्हणतो, मागची खुर्ची कुठली होती ह्यावरून फार काही कळत नाही. आणि सगळे सरकारी वकील डेंसारखे नव्हते, 1958 ला मुंदडा प्रकरणात (एलआयसीचे पैसे मुंदडाच्या कंपन्यांत घातले होते ते) चागला आयोगासमोर ॲटर्नी जनरल सेटलवाडांनी आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्याची जबाबदारी दाखवून दिली आणि कृष्णम्माचारींना जावं लागलं. सेटलवाड त्यानंतर पण 1963 पर्यंत पदावर होते, नेहरूंनी काढलं नाही, हे नेहरूंच्या खात्यात पण जमा करा.

आता माझ्या टेबलावरचं एक सांगतो. एका शिपायाला रिटायर झाल्यावर रिकव्हरी निघाली, की तुला पंधरा-वीस वर्षांपूर्वी इन्क्रीमेंट चुकून जास्त लागलं होतं, ग्रॅच्युइटीतून कापणार. चूक ऑफिसची, त्या बिचाऱ्याला इन्क्रीमेंट म्हणजे काय हे पण धड माहीत नव्हतं, मुलीचं लग्न ठरलेलं. तो हायकोर्टात आला. मी रिटर्न घेऊन सरकारी वकिलाकडे गेलो, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान. त्यांनी रिटर्न वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "भाईसाब, रफीक मसीह पढ़ा है आपके साहब ने? सुप्रीम कोर्ट, 2014. चतुर्थ श्रेणी वाले से ये रिकव्हरी हो ही नहीं सकती. ऑर्डर वापस लो, मैं ये फाइल नहीं करूंगा." मी तिथूनच साहेबांना फोन लावला, साहेब तिकडून, "तुम जवाब तो लगवाओ, बाद में देखेंगे." वकिलांनी फोन माझ्या हातातून घेतला, काय बोलले ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहून सांगितलं की शासन आदेश मागे घेत आहे, दोन मिनिटांत केस संपली. शिपाई बाहेर येऊन त्यांच्या पाया पडायला लागला तर ते झपाझप दुसऱ्या कोर्टात निघून गेले. पुढची पॅनलची लिस्ट निघाली त्यात त्यांचं नाव नव्हतं, आता ह्या दोन गोष्टींचा संबंध लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. हा माणूस उद्या जज झाला तर तुमच्या पेपरात काय येईल? "अमुक साली सरकारी वकील म्हणून नियुक्ती." बस.

आपल्या शहराचं बोलायचं तर इथे ह्या खुर्च्या एकमेकींना किती लागून आहेत ते सगळ्यांना दिसतंय. आत्ताचे महापौर पुष्यमित्र भार्गव हे आधी इंदूर खंडपीठात अतिरिक्त महाधिवक्ता होते, ते सोडून 2022 ला उभे राहिले आणि लाखाच्या वर मतांनी निवडून आले. सुमित्राताई महाजन कायदा शिकलेल्या, ऐंशीच्या दशकात आपल्या उपमहापौर, मग 1989 पासून खासदार आणि शेवटी लोकसभेच्या अध्यक्ष. ह्यात मला काही वावगं वाटत नाही, कायदा कळणारा माणूस निगमात बसला तर चांगलंच आहे, निदान नोटीस नीट निघतील. आणि आपल्याकडे महापौर थेट लोकांच्या मतानं निवडला जातो, मधे कमलनाथ सरकारनं ते बदललं होतं पण 2022 ला परत तसंच झालं, माझा मावसभाऊ बडोद्याचा, त्यांच्याकडे तर नगरसेवकांतून निवडतात आणि अडीच वर्षांत बदलतात, तो म्हणतो नाव पाठ होईपर्यंत बाई किंवा बुवा बदललेला असतो. तर आपल्या महापौराला पाच वर्षं आहेत, एमआयसी (मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे निगमाचं मंत्रिमंडळच) त्याची आहे, मग त्याला विचारता येतं ना, की राज्य सरकारनं सांगितलेल्या कुठल्या गोष्टीला निगमानं लेखी विरोध केला? निगमाच्या वकिलानं सांगितलं म्हणून कुठली नोटीस मागे घेतली? बीआरटीएसचंच, म्हणजे बससाठी काढलेल्या वेगळ्या रस्त्याचंच बघा, वर्षानुवर्षं कोर्टात केसेस, बांधताना पण शासनाचे वकील बरोबर होते आणि 2025 ला तोडायची परवानगी मागताना पण शासनाचे वकील बरोबरच होते. मधल्या काळात कुणी आतून काही म्हटलं होतं का ते छापा की.

आणि इंदूरात न्यायाचा विषय निघाला की अहिल्याबाईंची गोष्ट सांगून पत्र संपवायची रीत आहे, ती मी मुद्दाम टाळतोय, त्यांच्या नावावर आपण सगळे फार स्वस्तात सुटतो.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा पदांची यादी चार ओळींत उरका आणि बाकीच्या जागेत त्या माणसानं कुठला आदेश अडवला, कुठली केस लढायला नकार दिला, कुणाची मर्जी गेली ते लिहा, वाईट केलं असेल तर तेही लिहा. आणि तुमच्या कोर्ट रिपोर्टरला एकदा महाधिवक्ता कार्यालयात पाठवून विचारायला सांगा की कलम 91 खाली शेवटचा दावा कधी टाकला होता, उत्तर काय मिळेल ते मिळेल, छापा मात्र.

पत्र लांबलंय मला माहीत आहे. कापायचंच असेल तर अमेरिका कापा, रतलाम ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, लोकमान्य नगर, इंदूर